कँटोन्मेंट, कँप आणि कामठी

नागपुराहून जबलपुराच्या वाटेनें निघालें, कीं दहा मैलांवर कन्हान नदीच्या अलीकडच्या कांठीं कामठी लागते. रुंद आणि सरळ रस्ते, जुन्या झाडांच्या रांगा, आवारांत मागें सरून बसलेले बैठे बंगले आणि त्यांच्यापासून बेतानें दूर ठेवलेला दाट वस्तीचा बाजार, ही ह्या गांवाची ठेवण पाहतांच तें कोणी तरी आंखून वसविलेलें आहे हें लक्षांत येतें. गांवच्या नांवाची उपपत्ति विचारली, तर बहुधा ठरलेलें उत्तर मिळतें. इंग्रज लष्कराचा येथें ‘टी’ ह्या अक्षराचा कँप होता. ‘कँप टी’ म्हणतां म्हणतां ‘कामठी’ झाली!

गोष्ट सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ती शंभर तोंडीं झाली आहे. परंतु तिच्यांत एक मोठी गफलत दडलेली आहे. इंग्रजांनीं १८२१ सालीं कामठीस जें वसविलें त्याला ते स्वतः कँप म्हणत नव्हते, कँटोन्मेंट म्हणत होते. हे दोन शब्द आज सरसकट एकाच अर्थानें वापरले जातात. पुण्याच्या कँटोन्मेंटला पुणेकर ‘कँप’ म्हणतात, कोणी ‘लष्कर’ म्हणतात, आणि कागदोपत्रीं त्यालाच ‘छावणी’ असेंहि लिहिलें जातें. ज्या काळीं हे शब्द घडले त्या काळीं मात्र त्यांच्यांत अंतर होतें, आणि त्या अंतरावर कधीं एका राज्याचें, तर कधीं एखाद्या कुटुंबाच्या राहत्या घराचें भवितव्य अवलंबून असे.

प्रथम ‘कँप’ घेऊं. लॅटिन भाषेंतील ‘काम्पुस’ म्हणजे मोकळें मैदान. फौज मैदानांत उतरते, तंबू ठोकते, दोन दिवस राहते आणि तंबू उखडून पुढें जाते. हा झाला कँप. मराठींत हा शब्द इंग्रजांच्या राज्यापूर्वींच शिरला होता. महादजी शिंद्यांनीं दि बॉयन ह्या सेनानीकडून युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी तयार करविल्या, त्या पलटणींच्या समूहास ‘कंपू’ म्हणत. पुढें कवायती फौजा गेल्या आणि शब्द मागें राहिला. आज ‘त्यांचा एक कंपू आहे’ असें म्हटलें, तर तोफा-बंदुका कोणाच्या मनांतहि येत नाहींत. चार मतलबी मंडळींचें टोळकें तेवढें डोळ्यांपुढें उभें राहतें.

फौजेच्या राहण्याविषयीं मराठीला शब्दांची वाण कधींच नव्हती. फौज थांबते तो ‘मुक्काम’. ती जमून बसते तो ‘तळ’. एखाद्या सरदाराचे डेरे ज्या भागांत पडतात तो त्याचा ‘गोट’. ‘आंतल्या गोटांतील बातमी’ असें वर्तमानपत्रें लिहितात, तेव्हां तीं नकळत मराठी फौजेचीच भाषा बोलत असतात. ‘लष्कर’ हा फारसी शब्द फौजेचाहि वाचक होता आणि तिच्या तळाचाहि. दौलतराव शिंद्यांनीं १८१० सालीं ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो उठलाच नाहीं, त्याचें शहर झालें आणि त्या शहराचें नांवच ‘लष्कर’ पडलें.

ह्या सर्व शब्दांहून निराळा शब्द ‘छावणी’. संस्कृत ‘छद्’ म्हणजे झांकणें. छत, छप्पर आणि छावणी हीं एकाच कुळांतलीं. छावणी म्हणजे मुळांत आच्छादन. मराठी फौजांची मोहीम दसऱ्याच्या सीमोल्लंघनानें सुरू होई आणि पावसाळा तोंडावर आला कीं थांबे. नद्या भरत, वाटा चिखलांत बुडत, आणि कापडी तंबूंत चार महिने निभणें अशक्य होई. मग शिपाई घरीं परतत. आणि स्वदेश दूर असला तर आहे तेथेंच गवताचीं, पाल्याचीं छपरें घालून फौज दिवस काढी. ह्यालाच ‘छावणीस राहणें’ म्हणत. तंबूंतला तो तळ आणि छपराखालची ती छावणी, असा साधा भेद होता. पाऊस संपला कीं छप्पर मोडून फौज निघे.

आतां ‘कँटोन्मेंट’. ह्याचें मूळ ‘कँटन’. जुन्या फ्रेंच आणि इटालियन भाषांत त्या शब्दाचा अर्थ कोपरा, आणि त्यावरून प्रदेशाचा लहानसा तुकडा. स्वित्झर्लंडचे घटक प्रांत कँटन म्हणून ओळखले जातात ते ह्याच अर्थानें. चीनमधील कँटन शहराशीं मात्र ह्याचा कांहीं संबंध नाहीं. तें ‘ग्वांगदोंग’ ह्या चिनी नांवाचें पोर्तुगीज जिभेवर झालेलें रूप आहे. इंग्रजी काव्याच्या सर्गाला ‘कँटो’ म्हणतात, त्याचेंहि घराणें वेगळें. तें गाण्याच्या लॅटिन शब्दापासून आलें. एकसारखे दिसणारे हे तीन शब्द तीन निरनिराळ्या घरांतले आहेत. उच्चारांतहि घोटाळा आहे. अक्षरें पाहून आपण ‘कँटोन्मेंट’ म्हणतों. परंतु इंग्रज लष्करी अधिकारी मधल्या अक्षरावर जोर देऊन ‘कंटून्मेंट’ असा उच्चार करीत.

युरोपांत ‘कँटन करणें’ म्हणजे फौज तुकड्यातुकड्यांनीं वांटून आसपासच्या गांवांत उतरविणें. थंडीचे दिवस आले, बर्फ पडूं लागलें, कीं लढाई थांबे. एक तुकडी ह्या खेड्यांत, दुसरी त्या वाडींत, ह्याप्रमाणें शिपाई लोकांच्या घरांत, गोठ्यांत, कोठारांत राहत. अशा विखुरलेल्या तात्पुरत्या वस्तीला कँटोन्मेंट म्हणत. आपली छावणी पावसाळ्याची, त्यांची हिंवाळ्याची. हेतु एकच, ऋतु तेवढा वेगळा. इंग्रजीच्या पहिल्या भाषांतरकारांनीं कँटोन्मेंटला ‘छावणी’ हा प्रतिशब्द योजला, तो अगदीं नेमका होता.

वेलिंग्टनचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. १८१५ सालच्या जून महिन्यांत नेपोलियन बेल्जममध्यें शिरला, तेव्हां वेलिंग्टनची फौज ब्रसेल्सच्या आसपास दूरदूरच्या कँटोन्मेंटांत विखुरली होती. ती एकत्र आणतांना त्याची तारांबळ उडाली. हाच वेलिंग्टन बारा वर्षांपूर्वीं आर्थर वेलस्ली ह्या नांवानें महाराष्ट्रांत होता. १८०३ सालीं असई आणि अडगांव येथील लढाया जिंकून व गाविलगड घेऊन त्यानें नागपूरकर रघूजी भोसल्यांस देवगांवचा तह करावयास लावला. वॉटर्लूच्या आदल्या दिवसांत त्याच्या तोंडीं असलेला कँटोन्मेंट हा शब्द आणि सहा वर्षांनीं भोसल्यांच्या राजधानीजवळ उभें राहिलेलें कँटोन्मेंट, ह्या दोहोंची अक्षरें एकच आहेत. अर्थ मात्र जवळजवळ उलट आहे.

हिंदुस्थानांत ह्या शब्दानें दोन कोलांट्या घेतल्या. मूळ अर्थ विखुरण्याचा होता, येथें तो एकवटण्याचा झाला. मूळ अर्थ तात्पुरत्या वस्तीचा होता, येथें तो कायमच्या वस्तीचा झाला. कारणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. परक्या कंपनीची फौज येथल्या लोकांच्या घरांत उतरविणें शक्य नव्हतें. भाषा वेगळी, खाणेंपिणें वेगळें, सोंवळेंओंवळें आड येणारें, आणि एकमेकांवरचा विश्वास बेताचाच. शिवाय ज्या शहरावर नजर ठेवावयाची, त्याच शहरांत शिपाई मिसळूं देणें राज्यकर्त्यांना सोयीचें नव्हतें. म्हणून फौज शहरापासून कांहीं अंतरावर, पाण्याच्या आणि मोकळ्या हवेच्या जागीं, एकत्र ठेवण्याची पद्धत पडली. बंगालमध्यें १७६५ सालीं बराकपूर वसलें. हैदराबादेजवळ १८०६ सालीं सिकंदराबाद. १८१७–१८ च्या युद्धानंतर पुणें, महू आणि कामठी. हॉब्सन-जॉब्सन ह्या १८८६ सालीं छापलेल्या प्रसिद्ध कोशाचे कर्ते यूल व बर्नेल ह्यांनीं नोंदलें आहे कीं, हा शब्द इंग्रजी खरा, पण हिंदुस्थानांत तो इतका चालतो आणि इतरत्र इतका क्वचित् आढळतो, कीं तो आतां जवळजवळ इकडचाच झाला आहे.

कामठीची हकीकत ह्या अर्थांतराचा चांगला नमुना आहे. दुसरे रघूजी भोसले १८१६ च्या मार्चमध्यें वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बळ होते. कारभार पुतणे आप्पासाहेब ह्यांच्या हातीं आला. आपली बाजू बळकट करण्यासाठीं आप्पासाहेबांनीं त्याच वर्षाच्या मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. फौज इंग्रजांची, खर्च नागपूरचा, आणि काम राज्याच्या रक्षणाचें, असा तो करार होता. ही फौज पाहुणी म्हणून आली. पुढच्याच वर्षीं तिच्याशींच लढण्याचा प्रसंग आला. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली; डिसेंबरांत नागपूर पडलें; १८१८ सालीं आप्पासाहेब पदच्युत होऊन परागंदा झाले आणि लहानग्या तिसऱ्या रघूजींच्या नांवानें रेसिडेंट जेंकिन्स राज्य चालवूं लागला.

अशा स्थितींत १८२१ सालीं तैनाती फौजेसाठीं कन्हानच्या कांठची जागा मुक्रर झाली. येथें कन्हानला पेंच आणि कोलार ह्या नद्या मिळतात; पाणी मुबलक, जागा सपाट, आणि राजधानी एका मजलीच्या आंत. वरपांगी पाहतां राज्य भोसल्यांचेंच होतें, आणि फौज केवळ तेथें ‘छावणीस’ होती. परंतु पावसाळा गेला, दसरा गेला, असे तीस-बत्तीस दसरे गेले, तरी ही छावणी मोडली नाहीं. गवताच्या छपरांच्या जागीं विटांच्या बराकी आल्या, बंगले आले, देवळें, मशिदी आणि चर्चें आलीं. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण जणूं ह्या इतिहासासाठींच रचली गेली होती. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. दत्तक नामंजूर करून १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. नागपूर घेण्यासाठीं नवी फौज आणावी लागली नाहीं. ती दहा मैलांवर तेहतीस वर्षें बसून होती. १८५७ च्या जूनमध्यें नागपुरांतील घोडेस्वारांनीं उठावाचा बेत केला, तो फसला, त्याचेंहि एक मोठें कारण कामठीची मद्रासी फौज इंग्रजांच्या बाजूस राहिली हेंच होतें.

ज्यांना हा शब्द केवळ ‘तात्पुरता मुक्काम’ असा समजला, त्यांना त्याची किंमत राज्याच्या मापानें द्यावी लागली. कँप उठतो, छावणी मोडते, कँटोन्मेंट मात्र राहतें. हा भेद तहाच्या कागदावर दिसत नाहीं, तो जमिनीवर दिसतो.

कँटोन्मेंटच्या शेजारीं बाजार वसला नाहीं असें सहसा होत नाहीं. कामठीची फौज मद्रास इलाख्याची होती. पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगु बोलणारीं कुटुंबें वऱ्हाड-नागपूरच्या ह्या मुलखांत आलीं. मारवाडी सावकार आले, कापडाचे व धान्याचे व्यापारी आले. उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकर येथें स्थायिक झाले आणि त्यांच्या मागांबरोबर त्यांची उर्दूहि येथें रुजली. आजहि कामठी उर्दूच्या अभ्यासासाठीं आणि शायरीसाठीं ओळखली जाते. येथें एक गमतीचा योग आहे. ‘उर्दू’ हा शब्द मूळचा तुर्की असून त्याचा अर्थच लष्कराचा तळ! बादशाही तळावरच्या बाजारांत चालणारी भाषा ती उर्दू. तळावरून नांव मिळालेली भाषा तळाभोंवतीं वसलेल्या गांवांत येऊन नांदली. रोमन लोकांच्या तळांचेंहि असेंच झालें. लॅटिनमध्यें तळाला ‘कास्त्रा’ म्हणत. इंग्लंडांतील मँचेस्टर, लँकॅस्टर ह्या नांवांच्या शेवटीं तोच शब्द झिजून राहिला आहे. सैन्य जातें, बाजार राहतो, आणि बाजाराचें गांव होतें.

परंतु कामठीच्या बाजारांतला मनुष्य आणि रोमन तळाजवळचा मनुष्य ह्यांच्यांत एक फरक होता, आणि तो कायद्यानें घातलेला होता. कँटोन्मेंटची जमीन सरकारची. तिच्यावर घर बांधण्याची परवानगी मिळे, पण जमिनीची मालकी मिळत नसे. बंगालच्या लष्करासाठीं १८३६ सालीं गव्हर्नर-जनरलची १७९ क्रमांकाची आज्ञा निघाली. तीप्रमाणें घरवाल्यास एक महिन्याची सूचना देऊन आणि मंजुरीनें बांधलेल्या इमारतीची किंमत चुकती करून सरकारला जागा केव्हांहि परत घेतां येई. आणि लष्कराबाहेरच्या माणसास घर विकावयाचें तर तळावरच्या मुख्य अधिकाऱ्याची संमति आधीं घ्यावी लागे. मुंबई आणि मद्रास लष्करांचे नियम वेगळे होते, पण धोरण ह्याच वळणाचें होतें. ‘ओल्ड ग्रँट’ ह्या नांवानें हे हक्क आजहि ओळखले जातात आणि त्यांवरून होणारे दावे अजून न्यायालयांत चालतात.

ह्या एका नियमांत ‘कँटोन्मेंट’ ह्या शब्दाचें सारें वजन येतें. आजोबांनीं बंगला बांधला, वडिलांनीं त्याच्या भिंती दुरुस्त केल्या, नातवंडें अंगणांत खेळलीं. आणि तरीहि अंगणाची माती त्यांची नव्हे. भिंत आपली, जमीन दुसऱ्याची! रस्त्याच्या पलीकडे, नगरपालिकेच्या हद्दींत, तशाच घराचा मालक जमिनीचाहि मालक असूं शकतो. दोन घरांत अंतर वीस पावलांचें, पण मध्यें एक शब्द उभा. पत्त्यांत ‘कँप’ लिहिलें काय आणि ‘कँटोन्मेंट’ लिहिलें काय, टपालवाल्याला सारखेंच. खरेदीखतांत मात्र तें सारखें नाहीं. म्हणून जुनीं कागदपत्रें हातीं घेणाऱ्या गृहस्थानें हा शब्द डोळ्यांआड करूं नये.

कायद्यानें ह्या वस्त्यांचा कारभार हळूहळू बांधून दिला. १८६४ सालीं कँटोन्मेंटांविषयीं कायदा झाला, १८८९ सालीं दुसरा. १९२४ च्या कायद्यानें कँटोन्मेंट मंडळांत लोकनियुक्त सभासदांना स्थान मिळालें. आणि २००६ सालीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें नवा कायदा करून १९२४ चा कायदा रद्द केला. ज्या शब्दाचा अर्थ एके काळीं ‘थंडीपुरता आसरा’ एवढाच होता, त्याच्या नांवानें निवडणुका, कर, दिवाबत्ती, शाळा आणि दवाखाने चालूं लागले.

ह्याच शब्दाचें अमेरिकेंत काय झालें हें पाहण्याजोगें आहे. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां लाखों नव्या शिपायांच्या शिक्षणासाठीं बत्तीस मोठे तळ घाईनें उभारले गेले. सोळा ठिकाणीं लांकडी बराकी होत्या. त्यांना तिकडे ‘कँटोन्मेंट’ म्हणत. उरलेल्या सोळा ठिकाणीं मुख्यतः तंबू होते, त्यांना ‘कँप’. छपराची छावणी आणि कापडाचा तळ, हा आपल्याकडचा जुना भेद तेथें जसाच्या तसा उतरला होता. युद्ध संपलें आणि तेथें तो शब्दहि बाजूस पडला. भारतांत मात्र तो पाट्यांवर, पावत्यांवर आणि रेल्वेच्या स्थानकांवर ठाण मांडून बसला.

आतां पुन्हां ‘कँप टी’कडे वळूं. कामठीच्या इंग्रजी रूपांत ‘एम’ आणि ‘टी’ ह्या अक्षरांच्या मध्यें एक ‘पी’ आहे. ह्या एका ‘पी’वर सारी आख्यायिका उभी आहे. परंतु इंग्रजीची ही जुनी खोड आहे. ‘म’ उच्चारतांना ओठ मिटलेले असतात. ते उघडण्यापूर्वीं जीभ ‘ट’कडे धांवली, कीं मध्यें ‘प’ आपोआप उमटतो. ‘रिकामें’ ह्या अर्थाच्या ‘एम्प्टी’ शब्दांत प्राचीन इंग्रजींत ‘प’ नव्हता. ‘हॅम्प्टन’ पूर्वीं ‘हॅम्टन’ होतें. ‘टॉमसन’चें ‘टॉम्प्सन’ झालें. हिंदी नांवांनाहि इंग्रजांनीं हाच प्रसाद दिला. कारवारकडील कुमठा बंदराचें नांव जुन्या इंग्रजी लेखांत ‘कुम्प्टा’ असें आढळतें, आणि तेथून जाणाऱ्या कापसाला व्यापारी त्याच नांवानें ओळखत. कुमठ्यास कोणी ‘कँप टा’ची कथा जोडली नाहीं. तोच ‘प’ कामठीस आला, एवढेंच.

दुसरीहि एक खूण आहे. मराठीनें ‘कँप’ हा शब्द जेव्हां जेव्हां घेतला, तेव्हां त्यांतला ‘प’ राखला. ‘कंपू’ झाला, ‘कँप’ राहिला. ‘काम’ कधीं झालें नाहीं. ‘कँप टी’ मराठी तोंडीं पडतें तर ‘कंपटी’ होतें. त्यांतील ‘प’ नाहींसा व्हावा आणि इंग्रजी ‘ट’चा भरदार ‘ठ’ व्हावा, हे दोन चमत्कार एकाच वेळीं घडणें कठीण. उलट ‘कामठा’ आणि ‘कामठी’ हे शब्द मराठी मातींतलेच आहेत. कामठा म्हणजे धनुष्य. आणि ‘कामठा’ नांवाचें गांव गोंदियाकडे आहेच. नदीच्या वळणास धनुष्य मानून येथें आणखी एक सुंदर उपपत्ति रचण्याचा मोह होईल, पण एक दंतकथा मोडून तिच्या जागीं दुसरी बसविण्यांत शहाणपण नाहीं. नांव मराठी आणि इंग्रजांनीं त्यांत ‘प’ घातला, हा संभव अधिक, एवढें म्हटलें तरी पुरे. शिवाय ‘टी’ कँप होता, तर त्याच्या अलीकडचा ‘एस’ आणि पलीकडचा ‘यू’ कोठें गेले, हें ती कथा सांगत नाहीं.

विशेष असें, कीं इंग्रजांतच दोन तट होते. लष्करानें आणि रेल्वेनें ‘पी’ घातलेलें नांव चालविलें. भूगर्भशास्त्रज्ञांनीं मात्र ह्या परिसरांतील वालुकाश्मांच्या थरांना नांव देतांना ‘कामठी’ हेंच रूप, ‘पी’वांचून, स्वीकारलें. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं ह्या भागांतील खडकांत पुरातन वनस्पतींचे अवशेष गोळा करून त्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. ज्या थरांत ग्लॉसोप्टेरिस ह्या लुप्त वनस्पतीचीं पानें सांपडतात, ते थर जगभरच्या ग्रंथांत ‘कामठी’ म्हणून नोंदले आहेत. शिपायाचा कान चुकला, पण दगड फोडणाऱ्याचा चुकला नाहीं!

अशा कथा कामठीपुरत्याच नाहींत. महूच्या इंग्रजी अक्षरांतून ‘युद्धाचें लष्करी मुख्य ठाणें’ अशा अर्थाचें लांबलचक इंग्रजी नांव फोडून दाखविण्यांत येतें. वास्तविक तें नांव जवळच्या ‘मऊ’ गांवाचें. ह्याच महूच्या कँटोन्मेंटांत लष्करांतील सुभेदाराच्या घरीं १८९१ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. देवळालीची गोष्ट तर आणखी निराळी. मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीस महिनेच्या महिने पडून राहत. कंटाळ्यानें आणि तापानें त्यांचीं डोकीं फिरत. त्यावरून इंग्रजींत ‘डूलॅली’ म्हणजे ‘डोकें फिरलेला’ असा शब्दच रूढ झाला. गरीब बिचारी देवळाली! तिचा दोष एवढाच, कीं तेथें जहाज येत नव्हतें.

रेल्वे आली आणि कामठीचा भाग्यरवि ढळला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. व्यापार हळूहळू तिकडे सरकला, फौजहि कमी झाली. १८८१ पासून वस्ती उतरत गेली आणि १९०१ च्या शिरगणतींत ती ३८,८८८ भरली. तरी कँटोन्मेंट टिकलें. स्वातंत्र्यानंतर ब्रिगेड ऑफ दि गार्ड्स ह्या भारतीय पायदळाच्या दलाचें शिक्षणकेंद्र येथें आलें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांचें प्रशिक्षणहि येथें होतें. ज्या मैदानावर एके काळीं भोसल्यांच्या राजधानीवर नजर ठेवणारी पलटण उभी राहत असे, तेथें आतां आपल्याच देशाची पलटण कवायत करते.

आणि आतां त्या शब्दाचीच पाठवणी होऊं घातली आहे. २०२३ च्या एप्रिलमध्यें हिमाचल प्रदेशांतील योल येथील कँटोन्मेंट मोडीत काढण्यांत आलें. लष्करी भाग ‘मिलिटरी स्टेशन’ म्हणून ठेवावा आणि नागरी वस्ती शेजारच्या नगरपालिकेस जोडावी, असें धोरण केंद्र सरकारनें पुढें मांडलें. त्या वेळीं देशांत बासष्ट कँटोन्मेंटें होतीं. त्यांपैकीं महाराष्ट्रांत सात : पुणें, खडकी, देहू रोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. ह्यांतील शेवटून दुसऱ्या दोन शहरांचीं नांवेंहि आतां अहिल्यानगर व छत्रपति संभाजीनगर अशीं बदललीं आहेत. कँटोन्मेंटांतील घरवाल्यांच्या दृष्टीनें हा केवळ पाटी बदलण्याचा प्रश्न नाहीं. पायाखालची जमीन कोणाची, कर कोणाला, दुरुस्तीची परवानगी कोणाची, हे दोन शतकांचे प्रश्न त्या एका शब्दाबरोबर नव्यानें उभे राहतात.

इकडे ‘छावणी’ मात्र आपल्या मूळ अर्थाला जागली आहे. दुष्काळांत गुरांसाठीं चारा छावण्या उघडतात; पाऊस पडला, रानांत गवत आलें, कीं त्या मोडतात आणि शेतकरी आपलीं जनावरें घेऊन घरीं जातो. आच्छादन, आसरा आणि हंगाम संपतांच निरोप, हें तिचें जुनें शील अजून ढळलेलें नाहीं.

कामठीनेंहि शब्दांच्या बाबतींत केवळ घेतलेंच असें नाहीं, दिलेंहि आहे. येथलेच बाबू हरदास (१९०४–१९३९) हे दलित चळवळीचे कार्यकर्ते. ‘जय भीम’ हें अभिवादन रूढ करण्याचें श्रेय सामान्यतः त्यांनाच दिलें जातें. दोन मनुष्यें भेटलीं, कीं एकमेकांस बरोबरीच्या नात्यानें म्हणावयाचे हे दोन शब्द कामठीहून निघाले आणि देशभर पोंचले. त्यांचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं, आणि त्यांच्यासाठीं कोणी आख्यायिकाहि रचलेली नाहीं. उसन्या शब्दांत मालकीचा घोळ राहतो. आपल्या माणसांनीं, आपल्या गरजेंतून घडविलेला शब्द मात्र पायाखालच्या जमिनीसकट आपला असतो.